दोन गाद्यांचा जर्मन बँड

पश्चिम जर्मनीत, कोळशाच्या खाणींच्या एका गावात, एका खाटकाच्या मुलाने बापाच्या दुकानात बसायला साफ नकार दिला आणि उसनी गिटार आणून बँड काढला. त्याला आता पन्नासेक वर्षं झाली. त्याने मुकाट्याने मटण विकलं असतं तर माझ्या आयुष्यातली निम्मी भांडणं वाचली असती.

बँडचं नाव सांगत नाही. सांगून उपयोग नाही, तुम्ही ऐकलेलं नसणार. आणि चुकून ऐकलं असेलच, तर तुम्ही पहिल्या गायकाच्या बाजूचे की दुसऱ्याच्या, हे मला आधी विचारावं लागेल, आणि मग आपलंही बिनसेल. जर्मनीत या बँडला फारसं कोणी विचारत नाही. फिनलंडमध्ये त्यांचे भक्त आहेत, पोलंडमध्ये आहेत, आणि पुण्यात दोन होते. ते दोघेही पुढे आयर्लंडला आले, त्यामुळे आता पुण्यात कोणीच उरलेलं नाही.

त्या दोघांतला एक मी. दुसरा माझा अकरावीपासूनचा मित्र. त्याचे मामा पिंपरीच्या एका जर्मन कारखान्यात होते. ट्रेनिंगला तिकडे गेले आणि येताना भाच्यासाठी दोन कॅसेटी घेऊन आले. त्यातल्या एकीच्या कव्हरवर हेल्मेट घातलेली शेळी होती. मामांना वाटलं, बालगीतं असतील. आम्ही ती त्याच्या घरच्या टेपरेकॉर्डरवर लावली, तेव्हा त्याची आई स्वयंपाकघरातून धावत आली, मिक्सरमध्ये चमचा राहिला की काय ते बघायला. आम्ही दोघं मात्र जागच्या जागी बसून राहिलो. असं काही आपल्याला आवडतं हेच आम्हाला तोवर माहीत नव्हतं.

बँडमध्ये चौघे होते. गिटारवर खाटकाचा मुलगा. ड्रमवर एक बेकरीवाला, जो म्हणे पहाटे पाव भाजायचा आणि त्याच हातांनी दुपारी ड्रम बडवायचा. बेसवर एक उंच माणूस, ज्याच्याबद्दल तो उंच आहे यापलीकडे कोणालाच काही माहीत नाही. आणि पहिला गायक, चर्चमध्ये गाता गाता हाकलून दिलेला, विहिरीतून आल्यासारखा आवाज. तो जर्मनमध्ये गायचा. आम्हाला अक्षर कळत नव्हतं आणि हे आमच्या पथ्यावर पडलं. पुण्यात राहून जर्मन न शिकणं अवघड असतं, त्यामुळे पुढे मीही क्लास लावला, आणि ज्या गाण्यात मृत्यू, प्रलय वगैरे असणार असं आम्ही धरून चाललो होतो ते शेजारणीच्या कुत्र्याबद्दल निघालं. मी हे मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "कुत्र्याबद्दल असलं तरी मनापासून आहे."

तीन रेकॉर्ड निघाल्या आणि चौथ्या वेळी कंपनीने सांगितलं, इंग्रजीत गा. पहिल्या गायकाने नाही म्हटलं. काही म्हणतात तत्त्व म्हणून, काही म्हणतात येत नव्हतं म्हणून. त्याला काढलं आणि दुसरा आणला. किडकिडीत, कमरेपर्यंत केस, आवाज कुकरच्या शिट्टीच्या पट्टीतला. रेकॉर्ड खपली. मग पहिला गायक उठला आणि म्हणाला, बँडचं नाव मी ठेवलेलं आहे, तेव्हा खरा बँड माझाच. त्याने त्याच नावाचा दुसरा बँड काढला. कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी निकाल असा लागला की नाव दोघांनीही वापरावं, पहिल्याने लाल अक्षरांत आणि दुसऱ्याने काळ्या. बेसवाला दोन्हीकडे वाजवत राहिला, कारण त्याला कोणाचंच मन मोडायचं नव्हतं.

आमची अख्खी शाळा इतिहासाच्या पुस्तकात गेलेली. एका घराण्याच्या दोन गाद्या म्हटल्यावर आम्हाला दुसरं काय सुचणार. पहिल्या गायकाची सातारची गादी, दुसऱ्याची कोल्हापूरची. मी सातारचा. मित्र कोल्हापूरचा. अकरावीत पडलेली ही फूट मग कधी मिटलीच नाही. तो मेडिकलला नागपूरला गेला, मी पुण्यातच इंजिनिअर झालो, लग्नं झाली, मुलं झाली, तो वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात लागला आणि काही वर्षांनी मी डब्लिनच्या कडेला सिटीवेस्टला येऊन पडलो, तरी आम्ही फोन केला की तब्येतपाणी एका वाक्यात उरकून आधी यावर यायचो.

व्हॉट्सॅपवर आमचा दोघांचा ग्रुप आहे. दोघांसाठी ग्रुप कशाला, नुसते मेसेज पाठवा की, असं माझी बायको म्हणाली होती. पण ग्रुप असला की मंडळ होतं, मंडळ असलं की अध्यक्ष लागतो, आणि अध्यक्षपद हा वादाचा विषय होतो. तो स्वतःला अध्यक्ष म्हणवायचा. मी त्याला हंगामी अध्यक्ष म्हणायचो.

आता त्याच्या स्वभावातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्याच्यासमोर या बँडबद्दल चुकीची माहिती दिलेली त्याला सहनच होत नाही. मतभेद चालतात, शिव्याही चालतात, माहिती चुकलेली चालत नाही. माझ्या लग्नात तो स्टेजवर भेटायला आला. फोटोग्राफर आम्हाला हसा म्हणत होता, माझे सासरे शेजारी उभे होते. याने मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "तू काल म्हणालास ते चूक होतं. दुसऱ्या रेकॉर्डवर ऑर्गन बेकरीवाल्याच्या बहिणीने वाजवलाय." अल्बममध्ये तो फोटो आहे. त्याचा चेहरा एकदम समाधानी आहे आणि माझं तोंड वाकडं आहे.

दोन हजार वीस आलं आणि सगळे घरात अडकले. मला घराबाहेर पाच किलोमीटरच्या पलीकडे जाता येत नव्हतं, आणि तो रोज मास्क, गाऊन, चष्मा चढवून वॉर्डात जात होता. मी घरून काम करायचो, म्हणजे बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मीटिंगला बसायचो आणि मीटिंग संपली की सातारच्या गादीची एक रेकॉर्ड लावायचो. माझी मुलगी दारातून डोकं आत घालून म्हणायची, "बाबा, युअर मॅन इज रोअरिंग अगेन." मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर या असल्या आयरिश इंग्रजीत मिळतं.

त्या वर्षी बँडची कारकीर्दही घरातूनच चालू होती. पहिला गायक सत्तरीच्या पुढे गेलेला, आपल्या स्वयंपाकघरात बसून लाइव्ह गायचा आणि मागून त्याची मांजर ओट्यावर चढायची. दुसरा गायक केसांचा टोप लावून यायचा, आणि टोप आहे हे सगळ्या फिनलंडला माहीत होतं. बेसवाला आज लाल बोर्डापुढे, उद्या काळ्या बोर्डापुढे, जागा तीच, स्वेटरही तोच. मी मित्राला लिहायचो, तुमच्या राजाचा टोप घसरतोय. तो ड्यूटीवरून येऊन, अंघोळ करून, जेवायच्या आधी उत्तर द्यायचा की तुमच्या राजाचं मांजर त्याच्यापेक्षा सुरात आहे. वॉर्डात काय चाललंय ते त्याने कधी लिहिलं नाही. मीही विचारलं नाही. त्याचं उत्तर आलं की मला कळायचं, आजचा दिवस गेला, हा घरी पोचला.

जानेवारीत तो आजारी पडला. इथे तेव्हा लाटच आली होती, हॉस्पिटलातले कितीतरी लोक एकदम पडले. मी फोन केला तर आयरिश लोकांसारखं म्हणाला, "ग्रँड आहे रे. थोडा दम लागतोय." आणि लगेच, "तू परवा जे लिहिलंस ना, पोलंडच्या दौऱ्याचं..." आणि पुढे त्याला खोकला आला आणि त्याने फोन ठेवला. मग वहिनींचा फोन आला. त्याच्याच हॉस्पिटलात, तो जिथे राउंड घ्यायचा त्याच मजल्यावर, त्याला भरती केलं होतं. ऑक्सिजन चालू होता. वहिनींना आत जाता येत नव्हतं. त्यांचा मुलगा घरी, त्यामुळे त्यांना कुठेच जाता येत नव्हतं. आणि मी तर दुसऱ्या परगण्यात, मला रस्त्यावरच अडवलं असतं.

मग मी जे केलं ते सांगायला थोडं विचित्र वाटतं. काळजी घे, लवकर बरा हो, देव आहे, असलं काही लिहायला मी फोन हातात घेतला आणि मला ते लिहवेना. आमच्यात तसं कधी बोलणंच झालेलं नाही. शिवाय मला खात्री होती की असल्या मेसेजला तो उत्तर देणार नाही, आणि मला उत्तर हवं होतं. म्हणून मी ग्रुपवर लिहिलं: शेळीच्या रेकॉर्डवर ड्रम बेकरीवाल्याने वाजवलेच नव्हते, कोणी भाड्याचा माणूस होता.

हे धादांत खोटं होतं. खिडकीशी जाऊन मी वाट बघत उभा राहिलो. थोड्या वेळाने उत्तर आलं. एकच शब्द: "मूर्खा." माझ्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी लिहिलं, दुसरा गायक मुळात ऑस्ट्रियन. उत्तर आलं, "आई ऑस्ट्रियन. तो नाही." त्यानंतर लिहिलं, बेसवाला आधी सातारा सोडून गेला. यावर त्याने काही लिहिलं नाही, नुसता अंगठा पाठवला, खाली वळलेला. मग वहिनींचा फोन आला. "भावजी, त्याला झोपवतायत. व्हेंटिलेटर लावतायत." त्या अगदी शांत आवाजात बोलल्या. मीही तसाच शांतपणे हो हो म्हणालो आणि फोन ठेवला.

मी मेसेज थांबवले नाहीत. बायको म्हणाली, "अरे, तो बेशुद्ध आहे. कोणासाठी लिहितोयस?" मी म्हटलं, उठल्यावर त्याला काम हवं ना. साठलेल्या चुका एकेक करून दुरुस्त करत बसेल. रोज एक चूक. बँड स्थापन झाला त्या गावात कोळसा नव्हता, मीठ होतं. कोर्टाने लाल अक्षरं कोल्हापूरला दिली. ऑर्गन बहिणीने नाही, मेव्हणीने वाजवला. खाली दोन करड्या खुणा यायच्या आणि करड्याच राहायच्या. खोटं बोलायलाही माहिती लागते, आणि माझी संपत आली. एक दिवस बायको प्रेसमधून डाळीचा डबा काढत होती, इथे राहून आम्ही कपाटाला प्रेसच म्हणायला लागलोय. पाठमोरीच म्हणाली, "लिही, कव्हरवर शेळी नव्हती, बोकड होता." इतकी वर्षं तिने या बँडला घरातल्या झुरळासारखं सहन केलेलं. मी तिच्याकडे बघत राहिलो. "लिही ना," ती म्हणाली, "तो तडफडेल." आणि मग तिने डबा ओट्यावर ठेवला आणि डोळे पुसले.

नळी निघाली. वहिनींनी कळवलं, शुद्धीवर आहे, बोलतो थोडं, पण गोंधळलेला आहे. फोन त्याच्या हाताशी दिलाय. त्या दिवशी मी सगळ्यात मोठा बाँब टाकला. म्हणजे ही चूक नव्हती, माझं खरं मत होतं, पण त्याला अंथरुणातून उठवायला याहून जालीम काही माझ्याकडे नव्हतं. लिहिलं: दुसरा गायक आला तेव्हाच बँड संपला. त्यापुढची सगळी वर्षं म्हणजे नुसती शिट्टी.

खुणा निळ्या झाल्या. तो टाइप करतोय असं वर दिसत होतं, थांबायचं, परत दिसायचं. मग उत्तर आलं.

"बरोबर आहे तुझं."

मी आयुष्यभर या वाक्याची वाट बघितली होती. ते दोनदा वाचलं. तो चिडला नाही, हे मला ऑक्सिजनच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटलं. मी बायकोला फोन दाखवला. तिला बँडमधलं ओ की ठो कळत नाही, पण तिचाही चेहरा उतरला. मी बाथरूममध्ये जाऊन रडलो, आणि मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला.

तो घरी आला, पण बारीक आवाजाने. फोनवर दोन वाक्यं बोलायचा आणि दमायचा. मी माझ्या जुन्या मेसेजांबद्दल काही काढलं नाही. त्यानेही नाही. ग्रुप तसाच पडून राहिला, शेवटचं वाक्य त्याचं.

मे महिन्यात परगणे ओलांडायला परवानगी मिळाली आणि मी बायकोने केलेले डिंकाचे लाडू घेऊन वॉटरफोर्ड गाठलं. वहिनींनी मागच्या अंगणात दोन खुर्च्या मांडल्या होत्या. तो स्वेटर घालून बसला होता. बारीक झाला होता, केस पांढरे झाले होते. मिठी मारता येत नव्हती, म्हणून आम्ही दोघं उगाच हात हलवत राहिलो. तो म्हणाला, औषधांचे डोस सगळे आठवतात. लवकरच हळूहळू कामावर जाईन. पण मधेमधे काही गोष्टी गेल्यात. शेजाऱ्याचं नाव गेलं होतं, ते परत आलं. मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचं काहीच आठवत नाही, फोटो बघितले तरी.

मग लाडू खाताखाता म्हणाला, "आपला तो बँड. मामा आठवतात, शेळी आठवते. दोन गायक होते तेही आठवतंय. पण आपण भांडायचो ते नक्की कशावरून? मी कोणाच्या बाजूचा होतो?"

त्याने हे इतक्या साधेपणाने विचारलं की मला क्षणभर कळलंच नाही काय झालंय. मग कळलं. तू माझ्याच बाजूचा होतास, आपण दोघंही सातारचे, असं मी म्हटलं असतं तर त्याने मान डोलावली असती. जर्मन कोर्टाला जे जमलं नाही ते मला लाडवाच्या एका घासात जमलं असतं.

"कोल्हापूरचा होतास," मी म्हणालो. "कट्टर. आणि ठार चुकीचा."

"का होतो?"

"का म्हणजे?"

"म्हणजे काहीतरी कारण असेल ना. मी उगाच असा कोणाच्याही बाजूने गेलो नसणार."

झालं. आता ती बाजू त्याला सांगणार कोण? जगात ती माझ्याइतकी कोणाला पाठ नव्हती. पंचविसेक वर्षं मी तिचा एकेक मुद्दा खोडलेला. मी खुर्ची पुढे ओढली आणि सुरुवात केली. म्हटलं, तुझं म्हणणं असं होतं, की पहिला गायक असेपर्यंत सगळी गाणी एकाच चालीने चालतात, वरातीच्या मागे म्हातारी माणसं चालतात तशी. दुसरा आला आणि गिटारला जागा मिळाली. तो वर गेला की खाटकाचा मुलगा खालून येतो, आणि ते दोघं एकमेकांना सोडत नाहीत. तू म्हणायचास, पहिला गायक एकटा गातो, दुसरा सोबत गातो. हे तू मला नागपूरहून अंतर्देशीय पत्रात लिहिलं होतंस.

बोलता बोलता मला माझाच राग यायला लागला, कारण त्यात तथ्य होतं. मी फोन काढला आणि चौथ्या रेकॉर्डमधलं ते लांबलचक गाणं लावलं. त्याने डोळे मिटून ऐकलं. वहिनी खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. गाणं संपलं.

"शिट्टी वाजतेय नुसती," तो म्हणाला.

"अरे, गिटार ऐक ना खालची."

"ऐकली. त्या शिट्टीखाली गुदमरतेय. पहिल्याचं लाव."

मी पहिल्याचं लावलं, शेजारणीच्या कुत्र्याचं. तो ताठ बसला. "हे बघ. हा खरा. हा सोडून मी त्या टोपवाल्याच्या मागे गेलो असेन हे शक्यच नाही. तू काहीतरी गोंधळ घालतोयस."

"तूच गेला होतास. आणि तुझे मुद्दे यापेक्षा बरे होते."

"मग नीट सांग. तुला सांगता येत नाहीये."

त्याचे गाल लाल झाले होते आणि त्याला दम लागला होता. मी चिडून चौथ्या रेकॉर्डमधलं ते गाणं परत सुरुवातीपासून लावलं, तर खिडकीतून वहिनी म्हणाल्या, "भावजी, आता पुरे. त्याला आडवं व्हायचंय." त्या रागावल्या नव्हत्या. तोंडावर हात ठेवून, भिंतीकडे वळून उभ्या होत्या.

मी निघालो. गाडीपर्यंत तो हळूहळू चालत आला, मधे एकदा भिंतीला हात टेकला. म्हणाला, "परत येशील तेव्हा तयारी करून ये. हे काही मला पटलं नाही."

मी बरं म्हटलं. गाव मागे पडल्यावर मी दुसऱ्या गायकाच्या सगळ्या रेकॉर्ड ओळीने लावल्या, ज्या मी स्वतःहून कधी लावल्या नव्हत्या, आणि डब्लिन येईपर्यंत, शिट्टी दात खाऊन सहन करत, खालची गिटार ऐकत राहिलो.